नळीचं तोंड

उस्तादांनी जावयाच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"केसांना लावायचं का हे?"

"नळीला, बाबा," जावई म्हणाला. "आतून लावायचं. पातळ थर बसतो. मग काजळी आणि गोळीचं तांबं आत चिकटून राहत नाही. साफ करायला दोन चिंध्या पुरतात."

दोन चिंध्या! नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात बावीस वर्षं रायफली साफ करून ज्यांच्या तळहातांना घट्टे पडले, त्यांना हा कालचा माणूस चिंध्या शिकवत होता. बरं, शिकवणारा कोण? रंगाच्या कारखान्यातला रसायनवाला, जन्मात एक गोळी झाडलेली नाही. लेकीनं याच्याशी लग्न केलं त्याच दिवशी उस्तादांनी मनातल्या मनात त्याचं नाव बाटलीबहाद्दर ठेवलं होतं. तोंडावर मात्र जावईबापू म्हणायचे, आणि त्यातला 'बापू' असा लांबवायचे की बहिऱ्यालाही कळावं.

पण नाक मुठीत धरून ऐकावं लागत होतं. लेकीची निवडचाचणी आठवड्यावर आली होती. याआधी दोनदा ती थोडक्यात हुकली होती, आणि या खेपेला हुकली तर क्लब तिची जागा दुसऱ्याला देणार होता. नेमकी आताच तिची रायफल रुसली होती. एरवी पाच गोळ्यांची भोकं वाटीएवढ्या जागेत मावायची, ती आता ताटभर पसरत होती. नळीत घाण बसतेय, असं उस्तादांचं निदान होतं. म्हणून ते गेले दोन महिने रोज दुप्पट घासत होते.

"लावून तर बघू, बाबा," लेक म्हणाली. "आपलं काय जातंय?"

"आपली अब्रू जाते. पण लावा."

"आधी आतलं पोलाद उघडं पडेपर्यंत साफ करावं लागेल," जावई म्हणाला.

"ते तरी मला येतं, जावईबापू."

उस्तादांनी रायफल शिकंज्यात आवळली, लोखंडी गजाला ब्रश लावला आणि नळीच्या तोंडातून आत रेटला. मागे, पुढे. मागे, पुढे.

"गज मागच्या बाजूनं नाही घालत?" जावयानं हळूच विचारलं.

"मागून घालायचा म्हणजे बोल्ट काढा, गजाला आधाराची नळकांडी बसवा, नाना नखरे. पुस्तकं वाचून बंदुका साफ करणारे करतात तसं. मला कामं असतात."

जावई बाटलीकडे वळला. उस्ताद मनात म्हणाले, जिरली.

औषध लावून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीनं थर बसावा म्हणून दहा गोळ्या झाडल्या, मग मोजायच्या पाच. कागद जवळ आणून बघितला, तर तेच ताट.

लेकीचा चेहरा उतरला. आणि उस्तादांना, खरं सांगायचं तर, आनंद झाला. पोरीचं नशीब पणाला लागलेलं असताना बापाला आनंद होतो म्हणजे काय! पण झाला. ते मिशीतल्या मिशीत हसलेसुद्धा.

"चमत्कार बघा बाटलीचा!"

 शस्त्रागारात आल्यावर जावयानं पिशवीतून तारेच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा काढला, नळीत सोडला आणि फोनच्या पडद्यावर बघत राहिला. नळीच्या तोंडापाशी त्यानं तार थांबवली. बराच वेळ थांबवली. मग त्यानं भिंतीला टेकवलेल्या गजाकडे एकदा बघितलं, आणि नजर चटकन काढून घेतली.

"माझंच चुकलं," तो म्हणाला. "औषध तोंडापाशी साचलं. लेथवर तेवढा बोटभर तुकडा कापून तोंड नवं करून घेतलं की होईल ठीक. चार दिवसांत होतं ते काम."

"साचलं?" लेक भडकली. "बाबा पहिल्यापासून सांगत होते! आठवडा राहिलाय आणि तुला प्रयोग सुचतात? कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

तो मान खाली घालून ऐकत राहिला.

औषध साचून नळी कापावी लागते? असला अडाणीपणा उस्तादांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. आता याची पुरती हजेरी घ्यायची म्हणून त्यांनी फोन ओढून घेतला आणि पडद्यावर बघितलं.

नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पीळदार आटे सगळीकडे धारदार होते. फक्त तोंडापाशी, खालच्या अंगाला, ते झिजून गुळगुळीत झाले होते. रेटताना गजाचं वजन पडतं, बरोबर त्याच जागी; आणि गोळी शेवटची दिशा घेते तीही तिथंच. औषधाचं तिथं नावही नव्हतं.

त्यांनी फोन खाली ठेवला. या खोलीत तक्रार घेऊन आलेल्या किती जणांना त्यांनी ऐकवलं होतं, हात स्थिर नाहीत आणि नावं नळीला ठेवता! काहींनी तर पुन्हा क्लबात पाऊल टाकलं नव्हतं.

"त्याला बोलू नकोस," ते लेकीला म्हणाले. "नळीचं तोंड मी झिजवलंय. गजानं."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाबा, तसं काही..." जावई सुरू झाला.

"गप्प बसा! माझ्या चुकीवर पांघरूण घालायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? चार दिवस म्हणालात ना? मग आजच लेथवाल्याकडे न्या ही."

 लेकीची नजर भिंतीवरच्या फळीकडे गेली. तिथं क्लबच्या आणखी पाच रायफली ओळीनं उभ्या होत्या.

"बाबा," तिनं हळू आवाजात विचारलं, "त्या पण तुम्हीच साफ करता ना?"

उस्तादांनी पहिली रायफल काढून टेबलावर ठेवली आणि कॅमेरा जावयापुढे सरकवला.

"बघा. आणि सासरा आहे म्हणून खोटं बोललात तर याद राखा."

जावयानं तार आत सोडली. तोंडापाशी तो थांबला. मग फोनचा पडदा उस्तादांकडे वळवला.

उस्तादांनी दुसरी रायफल खाली काढली.