प्लास्टरमामा सायकल निवडतात

"हार्डटेल होती की फुल सस्पेन्शन?" प्लास्टरमामांनी विचारलं.

टेबलावर आडव्या पडलेल्या तरुणाचं मोडलेलं मनगट डॉक्टरांनी नुकतंच जागेवर बसवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी आपल्याला कुणी सायकलची जात विचारेल हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मामा, जीव चाललाय इथे माझा!"

"कुठे नाही जात. मनगटातून जात नसतो तो. सायकल कोणती होती?"

"हार्डटेल."

"वाटलंच मला," असं म्हणून मामांनी कोमट पाण्यात भिजवलेला प्लास्टरचा रोल हलकेच पिळला आणि त्याच्या हाताभोवती गुंडाळायला घेतला.

शहराच्या मागे एक डोंगर होता आणि त्या डोंगरावरून झाडांच्या मुळांतून, दगडधोंड्यांतून खाली येणारी एक वाट होती. चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली माणसं सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन वर जात आणि त्या वाटेने जीव खाऊन खाली येत. त्यातली बरीचशी कधी ना कधी इस्पितळात मामांच्या टेबलावर येऊन पडत. मामा कुणाला रागावत नसत. मामा कुणालाच कधी रागावत नसत. एकदा रस्त्यात एका टेम्पोचं चाक त्यांच्या बुटाच्या टोकावर उभं राहिलं, तर ते ड्रायव्हरला म्हणाले होते, "तुमचं सामान उतरवून होऊ द्या, घाई नाही." अशा माणसाला डोंगर उतरायची हौस असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

पण होती. आणि तिला कारणही होतं. टेबलावर आलेला प्रत्येक जण आधी रडायचा, मग शिव्या घालायचा, आणि प्लास्टर सुकत आलं की एकदम शांत होऊन म्हणायचा, "पण मामा, पडायच्या आधी ना..." एवढं बोलून तो गप्प व्हायचा आणि त्याचा चेहरा असा काही उजळायचा की मामा हातातली कात्री तशीच धरून बघत राहायचे. पुढचं कुणाला सांगताच येत नसे. हातवारे करून सांगावं, तर हात प्लास्टरमध्ये. मामांकडे सगळ्यांची गोष्ट अशी अर्धीच पोचायची. पडल्यानंतरचं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पडण्याआधीचं काय असतं, ते गुडघे कुरकुरायला लागण्याच्या आत एकदा स्वतः बघायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि ते बायकोला सोडून बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं.

सायकलवाल्याने त्यांचं मनापासून स्वागत केलं. त्याच्या गळ्याचं हाड दोनदा मोडलं होतं आणि दोन्ही वेळा मामांनीच त्याला गुंडाळलं होतं.

"बसा मामा. आधी सांगा, चालवणार कशी? रमतगमत की ॲग्रेसिव्ह?"

मामांनी दुकानात इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं. तरी ते हळूच म्हणाले, "ॲग्रेसिव्ह."

"काय?"

"ॲग्रेसिव्ह," मामा आणखी हळू म्हणाले.

सायकलवाल्याने हसू दाबलं आणि दोन सायकली पुढ्यात उभ्या केल्या. "ही हार्डटेल. धक्के खायला फक्त पुढे स्प्रिंग, मागे काही नाही. मागच्या चाकाखालचा दगड थेट तुमच्या बुडाशी येऊन बोलणार. हलकी आहे, बिघडायला फारसं काही नाही, पण प्रत्येक धक्का तुमचा तुम्ही सोसायचा. आणि ही फुल सस्पेन्शन. पुढेही स्प्रिंग, मागेही. दगड आला कधी आणि गेला कधी, कळत नाही. महाग आहे, वजनाला जड आहे, कौतुक फार करावं लागतं. पण मामा, खाली येताना स्वर्ग."

"मग लोक हार्डटेल घेतात कशाला?"

"ते म्हणतात, धक्के खाल्ल्याशिवाय चालवायला येत नाही."

"आणि दुसरे?"

"ते म्हणतात, धक्केच खायचे तर लग्न काय वाईट."

मामा हसले, पण निवड काही झाली नाही. "विचारून सांगतो," म्हणाले आणि घरी आले.

विचारणार कुणाला, तर पेशंटना. त्या दिवसापासून सायकलवरून पडलेला जो कुणी आला, त्याची मामांनी उलटतपासणी घेतली. हार्डटेलवाल्यांची मनगटं मोडत होती. त्यावरून मामांनी फुल पक्की केली. लगेच फुलवाले यायला लागले, गळ्याची हाडं घेऊन. सायकल इतकी गुळगुळीत चालते की वेग कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मामा हार्डटेलवर आले. मग हार्डटेलवरचा एक घोटा आला आणि मामा पुन्हा डळमळीत झाले. एका वकिलाची तर दोन्ही सायकलींवरून एकेक बरगडी गेली होती. तो म्हणजे देवदूतच, असं समजून मामा त्याला भेटायला गेले आणि त्याने हुंदके देत सांगितलं की तिसरी बरगडी कशावर मोडायची याचा तो अजून विचार करतोय.

हे सगळं चाललं होतं त्या खोलीची भिंत पातळ होती, आणि भिंतीपलीकडे एक्स-रेची खोली होती, आणि त्या खोलीत मामांची बायको होती. मोडलेलं माणूस आधी तिच्याकडे जायचं, मग मामांकडे यायचं. संसारही त्यांचा साधारण तसाच होता. काय बिघडलंय ते ती सांगायची आणि मामा गुंडाळागुंडाळी करायचे.

रात्री जेवताना तिने ताटावरून नजर न काढता विचारलं, "सायकल कोण घेतंय?"

मामांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "कोण?"

"मी तेच विचारतेय. आज एक मुलगी आली होती कोपर घेऊन. मला म्हणाली, मामांना सांगा फुलच घ्या."

मग मामांनी सगळं सांगून टाकलं. मनगटं, गळ्याची हाडं, वकील. तिने ऐकून घेतलं. ती चिडली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

"अहो, पण तुमच्याकडे न पडलेला माणूस येणार कशाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पडलेल्यांनाच विचारताय, कशावरून पडलात. ते सांगतायत. जे दोन्हींवरून धड खाली आले, ते तुमच्याकडे येतील का सांगायला? काय ते तुमचं डोकं!"

विषय कायमचा मिटावा म्हणून ती हे बोलली होती. पण मामांचा चेहरा उजळला. "अगं, बरोबर! म्हणजे डोंगरावरच जायला पाहिजे."

तिने कपाळाला हात लावला. भांडी घासून झाल्यावर ती म्हणाली, "मी येणार. खाली उभी राहणार. काय मोडलंय ते निदान लवकर कळेल."

"तू थांबव ना मला," मामा म्हणाले. ते त्यांना स्वतःलाही अनपेक्षित होतं.

"थांबवलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही आजवर मागितलंय काय? तेच आठवत बसले होते मघाशी. काही सापडेना."

सुट्टीच्या दिवशी सायकलवाला दोन्ही सायकली घेऊन डोंगराशी आला. बायको पायथ्याशी, वाट संपते तिथे एका दगडावर बसली. बरोबर चहाचा थर्मास होता आणि पिशवीत क्रेप बँडेज होतं. मामा आणि सायकलवाला वर गेले.

पहिल्यांदा हार्डटेल. मामांनी हेल्मेट घट्ट केलं, ब्रेक पकडले आणि निघाले. पुढे जे झालं त्याला उतरणं म्हणावं की हालअपेष्टा, हे सांगणं अवघड आहे. पहिला दगड माकडहाडाशी भिडला. "अयाईगं!" दुसरा कमरेत बसला. "मेलो!" चेन खडखडत होती, ब्रेक किंचाळत होते आणि त्या सगळ्यावर मामांचा आवाज होता. आयुष्यात कुणावर न काढलेला आवाज त्यांनी त्या दगडांवर काढला. "अरे ए! अरे बघून! अरे बाजूला हो!" ते एका झाडाला म्हणाले. झाड झालं नाही, मग मामाच झाले.

खाली पोचले तेव्हा दात जागच्या जागी आहेत की नाही हे ते जिभेने चाचपत होते. बायको दगडावर बसून चहा पीत होती.

"झालं?" तिने विचारलं.

एवढंच. मामांना थोडं वाईट वाटलं. एवढ्या दिव्यातून आलो, निदान उठून तरी उभी राहील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी मुकाट्याने दुसरी सायकल घेतली आणि ढकलत वर नेली. ती खरंच जड होती.

फुल सस्पेन्शनवर बसल्या बसल्याच त्यांना फरक कळला. पहिला दगड आला. मामांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दगड मागे राहिला होता. दुसराही तसाच. मुळांवरून सायकल अशी गेली की मामांना ओरडायचं सुचलंच नाही. त्यांनी ब्रेकवरचं एक बोट उचललं. मग दुसरं. वारा कानांत भरला. वाट समोरून धावत येत होती आणि पायाखाली शिरत होती. मामा हसत होते. आजवर त्यांनी प्रत्येक दिवस कुणाच्या तरी कण्हण्यात घालवला होता. इथे कुणाला काही दुखत नव्हतं. हेच ते. पडायच्या आधीचं. ते पोरांना सांगता का येत नव्हतं ते मामांना कळलं, आणि त्या सगळ्या पोरांवर त्यांची माया दाटून आली.

शेवटच्या वळणावर समोर बायको होती.

ती वाटेच्या मधोमध, दगड धरत वर चढत होती. चपला हातात होत्या. मामांनी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली आणि पूर्ण थांबल्यानंतर, काही कारण नसताना, मामांसकट आडवी झाली.

"अगं, किती मस्त होतं!" मामा जमिनीवरूनच म्हणाले.

ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने त्यांच्या गळ्याच्या हाडावर बोटं ठेवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मग दंड, कोपर, मनगट. मग दुसरा हात. आजवर यंत्राशिवाय तिने कुणाचं हाड तपासलं नव्हतं, आणि चारचौघांत त्यांचा हात तर तिने कधीच धरला नव्हता. मागून दोन सायकलस्वार आले, थांबले आणि बघत उभे राहिले. मामा हलले नाहीत. तिची बोटं गार पडली होती.

"काही नाही झालं गं," ते म्हणाले.

"मला काय माहीत?" ती एकदम ओरडली. "मघाशी सगळं ऐकू येत होतं. तुम्ही कुठे आहात, कशावर आदळलात, किती राहिलंय. चेन वाजत होती, तुम्ही बोंबलत होतात. मी निवांत बसले होते. या बयेवर बसलात आणि आवाजच बंद! पडलात की गेलात, काही कळायला मार्ग आहे का? तिथे नुसतं बसून राहायचं मी?"

मामा उठून बसले. डोक्यावरचं हेल्मेट वाकडं झालं होतं.

"हिला घंटी लावू," ते म्हणाले.

"घंटी वाजवायला हात मोकळा लागतो. आदळायला लागत नाही."

त्यांनी आडव्या पडलेल्या सायकलकडे पाहिलं. हाताने फिरवून पाहिलं तर तिचं मागचं चाक फिरलं, अगदी गुपचूप. मग त्यांनी बायकोच्या पायातला एक काटा काढला आणि तिला चपला घालायला दिल्या.

"हार्डटेल द्या," त्यांनी वरून धावत आलेल्या सायकलवाल्याला सांगितलं.

"मामा, फुल आवडली नाही?"

"फार आवडली."

"अहो, मग? बुडाचं काय होईल?"

"ते माझं आहे, सोसेल," मामा म्हणाले. "पण फुलवर असलो की हिला ऐकू येत नाही."

आता दर सुट्टीच्या दिवशी मामा हार्डटेलवरून डोंगर उतरतात आणि बायको थर्मास घेऊन खाली दगडावर बसते. तरणी पोरं त्यांना ओलांडून जातात आणि जाताना विचारतात, "मामा, ॲग्रेसिव्ह ना?" मामा दात आवळून मान हलवतात. अर्ध्या वाटेवर झाडांखाली मऊ मातीचा एक पट्टा आहे. तिथे सायकल अचानक शांत होते, वारा कानांत भरतो आणि तेवढ्या अंतरापुरती त्यांना ती दुसरी सायकल आठवते. मग मामा छाती भरून श्वास घेतात आणि खालच्या दिशेने ओरडतात, "आहे गं!"

पुढे पुन्हा दगड सुरू होतात.