अंगठ्याचा अंदाज

"पुन्हा हात लावलात ना तुम्ही?" गाडीचं दार आपटून मी अंगणातूनच विचारलं.

आमचे हे व्हरांड्यात बसले होते. "हात काहून लावू? केबल जराशी कसली फक्त."

"ती काय हात न लावता कसली?"

"तू ओरडून काहून राहिली, राजश्री? ढिली होती. तुझा तो श्यामसुंदर ढिली करून ठेवते."

एका महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. आमची गाडी जुनी, ऑटोमॅटिक. दिवाळीनंतर तिचे गिअर उशिरा पडायला लागले. शाळेत शिकवायला जाताना वाटेतल्या गढा वस्तीच्या चढावर इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी पहिल्या गिअरात अडून बसायची आणि मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. गोरखपूर बाजारातल्या आमच्या मेकॅनिकने, श्यामसुंदरने, बोनेट उघडून लगेच सांगितलं होतं, "दीदी, गिअरबॉक्स एकदम ठीक है. ये केबल ज़्यादा कसी है. आप एक्सिलरेटर ज़रा-सा दबाती हो, गिअरबॉक्स समझता है पूरा दबा दिया." त्याने दोन नट फिरवले, मापाची पत्ती घालून केबलीत केसभर खेळ, म्हणजे सैलपणा, ठेवला, आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. ती दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या यांनी पाना काढला आणि ती परत कसली. पुन्हा श्यामसुंदर, पुन्हा पाना. श्यामसुंदर बिचारा शेवटी हात जोडून म्हणाला, "दीदी, अंकलजी को बोनट से दूर रखो."

अंकलजींना दूर कोण ठेवणार? ट्रकच्या कारखान्यात गिअर बसवण्यात चौतीस वर्षं गेलेली. केबलीवर नुसता अंगठा ठेवून खेळ किती ते सांगायचे, आणि साहेब लोक मागाहून पत्ती घालून मोजायचे तर तेवढाच निघायचा. आमच्या यांचा, गुणवंतरावांचा, अंगठा कॉलनीत प्रसिद्ध होता. पत्तीने मोजणारा श्यामसुंदर त्यांच्या लेखी कालचं पोर.

आणि ही गाडीही त्यांचीच आणलेली. माझा डावा पाय लहानपणी पोलिओत गेला, क्लच दाबणं शक्यच नाही. शाळेत मी यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची, म्हणजे यांची ड्यूटी असेल तशी. चोवीस वर्षांपूर्वी कुणाकडून तरी ऐकून हे नागपूरला गेले आणि ही गाडी स्वतः चालवत घेऊन आले. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "चल, आता मला सोड फॅक्टरीत." त्या दिवसापासून मी कुणासाठी थांबले नाही. हे सगळं मला पाठ आहे, पण म्हणून रोज चढावर शिव्या खायच्या का?

भोपाळहून अवंतिका फोनवर म्हणाली, "आई, बस झालं ना आता. बाबा मानणारच नाहीत. रविवारी शोरूमवाला येईल, एक्सचेंजमध्ये देऊन टाक. अशी नवी गाडी घे की बोनेट उघडलं तरी बाबांना काही समजणार नाही."

मी हो म्हटलं, यांनाही तसंच सांगितलं. हे ओट्यावरचा वाफाळता स्टीलचा पेला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"अहो, पोळेल ना!"

"नाही पोळत."

मला त्याचाही राग आला. यंदा यांचं सगळंच असं चाललं होतं. मटाराच्या दिवसांत पाच किलो शेंगा गप्पा मारता मारता सोलणारा माणूस, यंदा एका शेंगेला शिवला नाही. शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले, तेही बटणं लावायचा कंटाळा म्हणून. निवृत्त माणसाचा आळस, दुसरं काय, असंच मी धरून चालले होते.

शनिवारी सकाळी मी किल्ली घेऊन बाहेर आले. "चला. उद्या गाडी जाणार आहे. एकदा माझ्यासमोर करून दाखवा, कुठे ढिली आहे ते."

यांनी बोनेट उघडलं. केबलीवर अंगठा ठेवला, दाबला, सरकवला. "हे बघ. ढिलीच आहे." आणि पाना उचलला.

मी काठी टेकत पुढे झाले आणि यांचा हात बाजूला करून स्वतःचा अंगठा ठेवला. केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती.

"ही ढिली?"

यांनी पुन्हा अंगठा ठेवला. मग दुसऱ्या हाताचा. मग दोन्ही अंगठ्यांकडे बघत राहिले.

"काही लागतच नाही हाताला," हे म्हणाले. "म्हणून वाटते ढिली आहे. म्हणून कसतो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. शुगरनं असेल."

"आणि मला सांगितलं नाही?"

"काय सांगू? एवढं एकच तर येत होतं."

मला इतका संताप आला की रडूच फुटलं. महिनाभर मी या माणसाला आळशी, हट्टी, काय काय म्हटलं होतं. पोळत नाही म्हणाले तेव्हासुद्धा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं नव्हतं.

"सोमवारी डॉक्टरकडे," मी डोळे पुसून म्हटलं. "आणि आता आत जाऊन बसा. एक्सिलरेटर तुम्ही दाबा."

"आणि पाना?"

"पाना माझ्याकडे. तुम्ही सांगा, मी फिरवते."

चोवीस वर्षं आत मी बसायची आणि बोनेटखाली हे वाकायचे. आज आतून आवाज आला, "मागचा नट धर. अर्धा आटा सोड. जास्ती नाही, राजश्री, ढिली राहिली तर गिअरबॉक्सच्या आतले क्लच जळतील. पूर्ण दाबून राहिलो, बघ आता. खेळ किती?"

"केसभर."

"कुणाच्या केसाचा? तुझ्या का माझ्या?"

"तुमच्या डोक्यावर कुठे आहेत?"

"मग बरोबर आहे. कस नट."

आम्ही गाडी गढ्याच्या चढाला घातली. खिडक्या बंद करायला लावून यांनी डोळे मिटले आणि इंजिनाकडे कान लावला. मी हळूहळू वेग घेतला.

"आता," हे म्हणाले.

मला काहीच कळलं नव्हतं. क्षणभराने इंजिनाचा आवाज खाली बसला आणि गाडी अलगद दुसऱ्या गिअरात गेली. पुढे सपाटीवर पुन्हा "आता", आणि तिसरा.

अवंतिकाला मी तिथूनच, गाडी कडेला लावून, फोन केला. उद्या शोरूमवाल्याला पाठवू नको म्हणून सांगितलं.

हे दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते, अंगठ्यांना काळं ग्रीस लागलेलं. मी माझ्या पदराने ते पुसायला लागले.

"पुसून राहिली का?" डोळे न उघडता, नुसत्या पदराच्या सळसळीवरून त्यांनी विचारलं.