दोनशे सतरा नंबरची आजी

"पाचही फेऱ्या झालेलीच माणसं घेतलीत ना, बाई?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "चारला अहवाल जायचाय."

आकडेबाईंनी मान डोलावली. बावीस वर्षं इतरांनी आणलेली माहिती तपासून त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटातच उरलं होतं.

प्रश्न साधाच होता. परिचारिका घरी जाते, म्हणून माणूस नेमाने गोळ्या घेतो आणि म्हणून त्याचा रक्तदाब उतरतो का? यादीत नावं चारशे बारा, पण रक्तदाब मोजण्याच्या पाचही फेऱ्यांत भेटलेली दोनशे एकतीस. तेवढ्यांवरच सॉफ्टवेअर चालवलं की गोळ्यांचा मधला दुवा खणखणीत दिसे. सगळ्यांना घेतलं, ज्याच्या जेवढ्या फेऱ्या झाल्या तेवढ्या धरून, की तोच दुवा डळमळायला लागे. दुवा टिकला तर घरभेटींची योजना चालू राहणार होती, नाहीतर चाळीस परिचारिका घरी बसणार होत्या.

तेवढ्यात योजनेतली सगळ्यात जुनी परिचारिका फॉर्मचा गठ्ठा घेऊन आली. तिला सगळे मावशीच म्हणत.

"मावशी, एवढी घरं बंद कशी हो?"

"बंद कुठली?" मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. "फॉर्मवर चौकोन दोनच. 'भेटले' नाहीतर 'घर बंद'. माणूस वारला तर खूण कुठे करायची? मग 'घर बंद'वर केली."

बाईंनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. "किती जण असतील?"

"आम्हा सगळ्याजणींकडचे मिळून एकोणतीस. ही दोनशे सतरावाली आजी बघा, तिसऱ्या फेरीला माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती तिने."

बाईंना लपवाछपवी जमली नाही. "यांना हिशेबात घेतलं तर आकडा पडतो, मावशी. तुमची नोकरी त्याच आकड्यावर आहे."

मावशीने संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. आजीच्या ओळीत तीन रकाने भरलेले होते, दोन रिकामे.

"मला त्यातलं काय कळतंय," ती म्हणाली. "पण मोजणीच्या फेऱ्या सोडून एरवीच्या भेटी धरल्या तर तिच्या घरी मी अकरा वेळा गेलेय. ती नव्हतीच असं कसं लिहाल?"

बाईंनी अहवालातलं दोनशे एकतीस खोडून चारशे बारा लिहिलं आणि खाली 'घर बंद'चा खरा अर्थ नोंदवला. डळमळणारा दुवा तसाच ठेवला.

मावशीने पिशवी खांद्याला लावली.

"निघते बाई. अजून चार घरं व्हायचीत."