दहा सेकंदांची भीती

आमच्या गावात शिरलं की उजव्या हाताला समाजमंदिर लागतं. त्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलंय : ८०० मीटर, कु. सुरभी, २ मिनिटे १९ सेकंद. ही सुरभी म्हणजे मीच. पाहुणा आला की माझी आई, शोभाबाई, त्याला आधी ती भिंत दाखवते आणि मग पाणी देते.

आणि तरीही जिल्ह्याच्या स्पर्धेत वर्ध्याच्या मैदानावर मला २ मिनिटे २९ सेकंद लागले. पाचवी आले. पुढच्या वर्षीही तेच. हे एकट्या माझंच नव्हतं. आंजीपासून तीन किलोमीटरवरच्या या गावातून जो कुणी वर्ध्याला पळायला गेला, तो मागेच पडला. भैय्याजींनी याचं कारण केव्हाच ठरवून टाकलं होतं. "गर्दी पाह्यली का तुमचे पाय लटपटते. भित्रे आहा तुमी सारे!"

भैय्याजी आमचे गुरू. वय सहासष्ट, गळ्यात शिट्टी, आवाज असा की पहिल्या हाकेला झाडावरचे बगळे उडतात. बारा वर्षांपासून रोज सकाळी ते गावच्या पोरापोरींना पळवतात, कुणी सांगितलेलं नसताना. अशा माणसानं भित्री म्हटलं की ते लागतं. मलाही खरंच वाटू लागलं होतं की माझ्यात काहीतरी कमी आहे. दुसऱ्या वर्षानंतर मी स्पर्धेत नाव देणंच सोडलं.

प्रश्न विचारणं मात्र सुटलं नाही. आठवीत असताना मी भैय्याजींना विचारलं होतं, वळणावर बाहेरून पळणारा काऊन मागं पडते? मग दम उजव्या बाजूलाच काऊन भरते? शेवटी ते वैतागून म्हणाले, "तू पळाले येते का सवाल इचाराले येते?" बारावीनंतर वर्ध्याला कॉम्प्युटरच्या कॉलेजात गेले आणि तिथं कळलं की एक जागा अशी आहे जिथं शंभरदा 'काऊन' विचारलं तरी कुणी ओरडत नाही. प्रोग्राम चुकला की तो चुकला एवढंच सांगतो, वर टोमणा मारत नाही. मला ते फार आवडलं.

यंदा दुसऱ्या वर्षाला मी मोबाइलसाठी एक प्रोग्राम लिहिला. फोन कमरेला बांधून पळायचं, आणि तो प्रत्येक फेरीचं अंतर आणि वेळ सांगणार. माझ्या चुलतभावाची, रजतची पोलीस भरती चाळीस दिवसांवर आली होती. त्यालाच आधी पळवलं. चार फेऱ्या, म्हणजे सोळाशे मीटर. तो धापा टाकत आला नि त्यानं विचारलं, "किती?"

फोन म्हणाला, पंधराशे चार.

"तुह्या प्रोग्रामाले पळता येत नाई व," रजत म्हणाला आणि पाणी प्यायला निघून गेला.

चूक माझीच असणार, यात मला शंका नव्हती. तीन दिवस मी प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. आईनं दोनदा जेवायला हाक मारली आणि तिसऱ्यांदा ताटच उचलून नेलं. चूक सापडेना. मग मी आंजीच्या रस्त्यावर गेले. तिथं किलोमीटरचे दगड आहेत. या दगडापासून त्या दगडापर्यंत पळाले : नऊशे अठ्ठ्याण्णव. परत आले : हजार दोन. पाच वेळा पळाले, पाचही वेळा प्रोग्राम बरोबर.

म्हणजे आमचं ग्राउंड चुकलं होतं.

रस्त्याच्या कडेला बसून हिशोब मांडला. फेरी चारशेची नाही, तीनशे शहात्तरची. भिंतीवरचं माझं रेकॉर्ड आठशेचं नाहीच, साडेसातशेच्या आसपासचं. पूर्ण आठशेला तितक्याच वेगानं किती लागले असते? २ मिनिटे २८ सेकंद. वर्ध्याला लागले होते २९. ज्या दहा सेकंदांना मी दोन वर्षं भीती समजत होते, त्यातले नऊ जमिनीचे होते.

आनंदानं उड्या मारायला हव्या होत्या. पण खरं सांगते, मी गप्प बसले. गावात माझ्या नावावर ती एकच गोष्ट होती, ती माझ्याच हातानं खोडायची? आणि भैय्याजींना काय तोंडानं सांगायचं? चार दिवस मी टाळलं. पाचव्या दिवशी रजत घड्याळ बघून नाचत आला, "सोळाशे पाच मिन्टात बसलो! भरती पक्की!" आता गप्प राहिले असते तर त्याचा सत्यानाश मीच केला असता. तशीच भैय्याजींकडे गेले.

"भैय्याजी, ग्राउंड छोटं हाय."

"काय?"

"फेरी चोवीस मीटर कमी भरते."

"मशीन खोटं बोलून राह्यलं तुहं! बारा वर्षांपहिले म्या सोता टेप लावून आखलं."

ते इतके तापले की मला वाटलं शिट्टी फेकून मारतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गवंड्याचा तीस मीटरचा टेप घेऊन हजर. एक टोक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे. आम्ही तासभर मोजलं. तीनशे शहात्तर.

भैय्याजी पूर्वेच्या वळणावर बघत राहिले. दर वर्षी पोळा याच ग्राउंडवर भरतो. त्या टोकाला बैलांच्या खुरांनी चिखल होतो. पोळा झाला की भैय्याजी चुन्याची नवी फक्की मारताना चिखल टाळून एक ढांग आत यायचे. ढांग मीटरभराची. वळण मीटरभर आत आलं की फेरी दोन मीटरनं घटते. असे बारा पोळे झाले होते. माझं रेकॉर्ड झालं तेव्हा त्यातले दोन व्हायचे होते, म्हणजे जमिनीचे सेकंद नऊ नाहीत, सात; तरी भीतीच्या वाट्याला फारसे उरत नव्हते.

"एकेक ढांग," ते म्हणाले. "मलेच समजलं नाई."

दुपारी भिंत पुसायची ठरली. आई कमरेला हात लावून आडवी उभी राहिली, "आकडा पुसा, नावाले हात लावाचा नाई!" त्यामुळे सध्या भिंतीवर नुसतीच सुरभी आहे, कशासाठी ते लिहिलेलं नाही. रजतनं मला शिव्या घातल्या आणि त्याच संध्याकाळी पूर्ण चारशेच्या, नव्यानं आखलेल्या लाइनीवर पळायला लागला.

भैय्याजी मात्र ग्राउंडच्या कडेला फोन घेऊन बसले होते. मी पाणी द्यायला गेले तर बोलणं चाललं होतं.

"चंदन, मी भैय्याजी. तुले भित्रा म्हटलं होतं म्या, वर्ध्याहून आला तवा. तू नोयता रे भित्रा. ग्राउंड छोटं होतं." पलीकडून चंदन काहीतरी हसून बोलला. भैय्याजी हसले नाहीत. "नाई, ऐकून घे. चूक माही होती."

मग दुसरा फोन लावला. मग तिसरा, चौथा. जिला जिला, ज्याला ज्याला भित्रं म्हटलं होतं, ते सगळे त्यांच्या लक्षात होते. चौथा फोन संपल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, प्यायले आणि माझ्याकडे बघितलं.

"आन् तू," ते म्हणाले. "तू बी भ्याली नोयती."

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं, पाचवीतल्या पोरीसारखं. भैय्याजी गोंधळून इकडेतिकडे बघू लागले.

"जिल्ह्याची स्पर्धा कधी हाय, भैय्याजी?" मी डोळे पुसत विचारलं.

"महिन्याभरानं."

"माहं नाव देजा."