मार्मोटची झोपमोड

प्राणिसंग्रहालयातल्या राखणदाराची बायको एका रात्री त्याच्या शेजारी झोपली ती उठलीच नाही. सकाळी त्याने स्वतःचा चहा घेतला, तिचा झाकून ठेवला आणि कामावर गेला. दुपारी परतला तेव्हा चहा तसाच झाकलेला होता.

तेव्हापासून घरात कोणाची झोप पुरी झाली नाही. मुलाचा जरा डोळा लागला की बाप त्याला हलवायचा. "आहेस ना रे?"

"आहे. पण हे असंच चाललं तर फार दिवस नाही," मुलगा म्हणायचा.

सून त्याच प्राणिसंग्रहालयात डॉक्टर. सासऱ्याला घरी ‘बाबा’ म्हणायची आणि कामावरही, त्यामुळे हुकूम सोडताना पंचाईत व्हायची. हिवाळ्याच्या तोंडाशी तिने एकच सोडला: मार्मोटांना हात लावायचा नाही.

मार्मोट म्हणजे बर्फाळ डोंगरावरची, मांजराएवढी गलेलठ्ठ खार. उन्हाळाभर खाऊन अंगावर चरबी चढवते आणि गवत बर्फाखाली गेलं की बिळात झोपते. अंग बिळाइतकंच गार पडतं, काळीज मिनिटाला चार-पाच ठोक्यांवर येतं, श्वास चालू आहे की नाही यावर पैज लावावी. अशी निपचित पडली तरच चरबी हिवाळाभर पुरते. महाग पडतं ते जागं होणं. गारठलेलं अंग तापवताना कित्येक दिवसांची चरबी एका दमात जळते. राखणदार हे प्रेक्षकांना रंगवून सांगायचा. वर "आमच्यापेक्षा यांची रजा बरी" असंही म्हणायचा.

थंड खोलीत दोन पेट्या होत्या. वर नराची, खाली मादीची. दोघांचं पटत नव्हतं. झाडलोट करताना राखणदाराच्या मनात पाल चुकचुकली की तो वरचं झाकण उचलायचा. आत नुसता दगड. त्याला तो गरम पाण्याच्या पिशवीसकट पोटाशी धरायचा. बऱ्याच वेळाने अंग थरथरायचं, मिशा हलायच्या, एक डोळा उघडायचा.

"आहेस. झोप बाळा," म्हणून झाकण लावायचा. खालच्या पेटीपर्यंत गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे मादीची तो नुसती काळजी करायचा.

हात न लावण्याचा नियम सुनेने स्वतःही पाळला. हिवाळा अर्धा सरायच्या आत एका सकाळी सासरा तिला बोलवायला आला.

"आज उठतच नाही गं तो."

"आज?" सून म्हणाली.

तिने नराला टेबलावर घेऊन उघडलं. कातडं दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं ढिलं होतं, आणि आत चरबीचा मागमूस नव्हता. सासरा दारातच उभा राहिला.

"झोपेतच गेला ना?"

"नाही बाबा. जागा होता. पेटीची फळी कुरतडलीय त्याने."

"म्हणजे त्याला कळलं तरी," तो म्हणाला. त्याला बरं वाटलेलं दिसलं.

तिने ते तिथंच सोडून दिलं असतं. पण खालच्या पेटीत मादी होती.

"उपाशी मेला तो. तुम्ही उठवलंत की दर खेपेला थोडी चरबी जायची."

"मी फक्त बघत होतो."

"हो."

"आणि खालची?"

"असेल."

"असेल म्हणजे?"

"थंडी सरली की कळेल."

"तोवर?"

"तोवर नाही कळणार, बाबा."

तिने हात धुतले आणि थंड खोलीला कुलूप लावलं. त्याने अडवलं नाही. फक्त दाराला कान लावून उभा राहिला. आतून, अर्थातच, काही ऐकू येत नव्हतं.