तेवीस वर्षांनी उघडलेलं इंजिन

माझा दीर हनुमंतराव याने आमचा ट्रॅक्टर मारला, असं मी तेवीस वर्षं सांगत आले. देवळात सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगितलं. ऐकणारी कंटाळली तरी मी कंटाळले नाही.

तंजावुरकडे ओरत्तनाडुजवळ आमची भातशेती. यांनी लाल ट्रॅक्टर घेतला खरा, पण हे स्वतः कधी चालवायला शिकले नाहीत. चालवायचा तो यांचा धाकटा भाऊ, हनुमंता. लोखंडी चाकं लावून चिखलात असा फिरवायचा की बांधाची ढेप हलायची नाही. हे आज लिहिते आहे. तेव्हा तोंडाने कधी म्हटलं नाही.

मग एका वर्षी, सांब्याच्या, म्हणजे मोठ्या भातपिकाच्या, चिखलणीचे ऐन दिवस, हे अंथरुणाला खिळलेले, आणि भर शेतात इंजिन कर्र करून जे बंद पडलं ते पुन्हा फिरलं नाही. मेकॅनिकने बाहेरूनच बघून सांगितलं, तेल पोचलेलं नाही, सगळं आतल्या आत चिकटलंय. मला तेवढं पुरलं. बांधावर वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "तेल न बघता चालवलंस. तुझ्या हातात यंत्र देणारा मूर्ख!"

तो म्हणाला, "वैनी, सकाळी तेलाची पट्टी काढून बघितली होती. तेल पुरतं होतं."

"मग ते काय बेडकांनी प्यायलं?"

लोक हसले. पुढे आठ महिन्यांनी हे गेले. त्या धक्क्यानेच गेले, असंही मी सांगितलं. त्या भागात पुन्हा कुणी हनुमंताच्या हाती ट्रॅक्टरची किल्ली दिली नाही. तो भाताच्या गिरणीत पोती मोजायला बसला. मी शेत खंडाने दिलं आणि तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहायला आले. ट्रॅक्टर शेतावरच्या पत्र्याखाली राहिला. आमचं बोलणं तिथेच संपलं.

यंदा चेन्नैहून मुलाचा, वादिराजचा फोन आला. "आई, भंगारवाला चांगला मिळालाय. तो ट्रॅक्टर काढून टाकू या."

"मी मेल्यावर काढ," मी म्हटलं. "त्याआधी तो चालेल."

"कोण चालवणार? कशाला?"

कशाला ते त्याला सांगितलं नाही. आयुधपूजेच्या दिवशी, सगळे आपापली यंत्रं पुजतात तेव्हा, तो ट्रॅक्टर झेंडूची माळ घालून हनुमंताच्या दारावरून न्यायचा होता मला. थांबायचं नाही, बोलायचं नाही. त्याने मारलेला मी उठवला, एवढं त्याने डोळ्यांनी बघायचं.

मेकॅनिक मिळाला कृष्णस्वामी. पन्नाशीचा, तोंडात सदा पान, आणि उपदेश करायची भारी हौस. ट्रॅक्टरला फेरी मारून म्हणाला, "अम्मा, हे गंजलेलं लोखंड आहे. ट्रॅक्टर नाही."

"तुला काय दिसतं ते विचारलं नाही. किती दिवस लागतील?"

"ते देवालाच ठाऊक."

"देव पान्हा धरत नाही. तू धरतोस. सांग."

दीड महिना म्हणाला. मी रोज सकाळी डबा घेऊन ओरत्तनाडुची बस धरू लागले. कंडक्टरने चौथ्या दिवशी विचारलं, "पाट्टी," म्हणजे आजी, "तिकडे कुणी आजारी आहे का?"

"आहे. तेवीस वर्षं उठला नाही."

तो बिचारा हळहळला. त्याने मला खिडकीची जागा करून दिली.

जुनं यंत्र दुरुस्त करणं म्हणजे काय, ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी भंगारवाल्याला घरी बोलावून कॉफी दिली असती. एकेक बोल्ट सुटायला अर्धा अर्धा दिवस. कृष्णस्वामी डिझेल ओतणार, ठोकणार, तापवणार, आणि शेवटी बोल्टचं डोकंच तुटून हातात येणार. धुराच्या नळीत कुंभारमाशीने घर केलेलं. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. ब्रेकच्या डब्यात चिखल भरून इतका वाळलेला की छिन्नीने फोडावा लागला. त्यातून भाताची कणसं निघाली, काळी पडलेली. डिझेलचा पंप दुरुस्तीला त्रिचीला पाठवला, तो जसा गेला तसाच परत आला, फक्त वर रंग नवा. मी फोनवर त्या माणसाची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली. मग पंप खरोखर दुरुस्त झाला.

मी नुसती खुर्चीत बसून राहिले नाही. बॉनेटवरचा गंज सुरीने खरवडला, घासकागदाने घासला. नवव्या दिवशी त्याखालून मूळचा लाल रंग निघाला, तळहाताएवढा. मी कृष्णस्वामीला हाक मारून दाखवला. "रंग तर काय, दुकानात मिळतो," तो म्हणाला. त्याला मी दुपारी लोणचं वाढलं नाही.

इंजिन मात्र हलेना. वरून आत डिझेल आणि रॉकेल भरून ठेवलं, पहार लावून फिरवायला बघितलं. बारा दिवस हेच. तेराव्या दिवशी कृष्णस्वामीने पान थुंकलं आणि म्हणाला, "खालून उघडावं लागेल."

इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला हे लोक चेंबर म्हणतात. त्याने पाटी ठेवली आणि चेंबरचा खालचा बोल्ट काढला. मी मुद्दाम खुर्ची जवळ ओढून घेतली. आता कोरडं ठणठणीत निघेल, हे मला बघायचं होतं.

तेल आलं. डांबरासारखं, दाट, हळूहळू. येतच राहिलं. पाटी भरली, त्याने दुसरी लावली.

"भरपूर तेल आहे, अम्मा. पट्टीच्या खुणेपर्यंत असणार."

"मागाहून कुणीतरी ओतलं असेल."

"मेलेल्या इंजिनात कोण तेल ओतेल?"

"तू काम कर," मी म्हटलं.

त्याने चेंबर खाली उतरवलं. आत तेल ओढून घ्यायच्या नळीला जाळीची गाळणी असते. तिच्याभोवती काहीतरी काळं गुंडाळलेलं होतं, मेलेल्या वटवाघळासारखं. त्याने बोटाने उपटून काढलं.

"हे बघा. फडकं. इथे गाळणी बुजली, वर तेल गेलंच नाही. कुठला तरी अर्धवट मेकॅनिक आत विसरला असेल." त्याने ते माझ्या पायाशी टाकलं.

मी ते उचललं. डिझेलच्या डब्यात बुडवून चोळलं. काळ्याखालून वांगी रंग आला आणि त्याला बोटभर जरीचा काठ. मेकॅनिक लोक रेशमाची फडकी वापरत नाहीत. हे माझ्या पहिल्या दिवाळीचं लुगडं होतं. विरलं तेव्हा मी त्याच्या चिंध्या करून समया पुसायला ठेवल्या होत्या.

मग सगळं आठवलं, आणि आठवायला वेळही लागला नाही. चिखलणीच्या आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर अंगणात उभा होता. इंजिनाच्या बाजूला तेल ओतायचं तोंड असतं, त्याचं झाकण धक्क्याने कुठेतरी पडलं होतं. पोरं खेळत होती, आत खडे टाकतील म्हणून मी चिंधी फाडून बोळा कोंबला. हनुमंताला सांगायचं मनात होतं. यांना औषध द्यायला आत गेले ती गेलेच. सकाळी बघितलं तर तोंडावर नवं झाकण होतं. त्याने आणून बसवलं होतं. मला वाटलं, बोळा त्याने काढला असेल. बोळा रात्रीतूनच आत गेला होता, आणि हनुमंताला नुसतं उघडं तोंड दिसलं होतं.

कृष्णस्वामी म्हणाला, "फेका ते, अम्मा. हात खराब होतील."

मी ते डब्याच्या पिशवीत घातलं.

तीन दिवस मी शेतावर गेले नाही. चिंधी चुलीत घालणं सोपं होतं. कृष्णस्वामीला काही कळलेलं नव्हतं, हे तर वर गेलेले. माझ्यावाचून जगात कुणाला कळायचं कारण नव्हतं. तीन दिवस मी हेच घोळत बसले. मी फार चांगली बाई आहे असं कुणी समजू नये. चौथ्या दिवशी गेले, ते इंजिन अर्धवट सोडवेना म्हणून.

क्रँक लेथवर घासून आणला, नवी बेअरिंगं, नवे पिस्टन. नवरात्र लागलं त्या आठवड्यात एका दुपारी कृष्णस्वामीने खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधला आणि किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र, काही नाही. पुन्हा. तिसऱ्या वेळी धुराचा काळा गोळा पत्र्याला जाऊन थडकला आणि इंजिन बोलायला लागलं.

"अम्मा! बघा! बघा!"

"बघते आहे. बहिरी नाही मी."

बॉनेटवर हात ठेवला तर थरथर कोपरापर्यंत चढली. चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू, यांच्या जाण्यानंतर इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं. आणि लगेच मनात आलं, हनुमंताचं घर इथून तीन गल्ल्यांवर आहे, त्यालाही ऐकू गेलं असेल.

"बंद कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं. जयलक्ष्मी, माझी धाकटी जाऊ. "अक्का," एवढंच म्हणाली. 'या' म्हणाली नाही. मी आत गेले.

हनुमंता खुर्चीतून उठला. किती वाळला होता. म्हणाला, "वैनी, काल आवाज ऐकला. छान लागलाय. तिसरा सिलिंडर जरा ठोकतोय, तेवढा इंजेक्टर बघायला सांगा."

तेवीस वर्षांत हे पहिलं बोलणं. मी पिशवीतून चिंधी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. झाकण, पोरं, बोळा, गाळणी. मला वाटलं, ओरडेल. ओरडायला हवा होता.

तो हसला. "वैनी, माझ्या समाधानासाठी कशाला एवढं? म्हातारे झालो आता आपण दोघंही."

"समाधान? अरे, चेंबर भरलेलं होतं!"

"नाही, वैनी. त्या दिवशी मी पट्टी बघितलीच नव्हती. आधी वाटायचं बघितली. मग रोज विचार करायचो, रोज विचार करायचो. शेवटी नीट आठवलं. नव्हती बघितली. अण्णा अंथरुणावर, त्याच्याकडे जायची घाई होती."

"तू बघितली होतीस! तूच मला बांधावर सांगितलंस!"

"तेव्हा घाबरून बोललो असेन."

"कृष्णस्वामीला विचार. दोन पाट्या तेल निघालं."

"तो तुमचा माणूस. तुम्ही सांगाल ते बोलेल." आणि हात जोडून म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे, वैनी."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी त्याला जे दिलं होतं ते त्याने इतकं जपलं होतं की आता परत द्यायला तयार नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून जयलक्ष्मी बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी विश्वास ठेवते, अक्का. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते, बघितल्याशिवाय हा माणूस किल्ली फिरवायचाच नाही. पण तुम्ही वीस-पंचवीस माणसांत बोलला होतात. आज माझ्या घरात, दार लावून सांगता?"

"मग कुठे सांगू?"

"मला विचारता? तेव्हा विचारलं होतं?"

आयुधपूजेला गिरणीच्या आवारात सगळ्यांची यंत्रं लागतात. चंदन, कुंकू, माळा, चाकाखाली लिंबं. आमचा ट्रॅक्टरही मी तिथे लावला. गिरणीचे मालक श्रीनिवासराव होते, हनुमंता आणि जयलक्ष्मी होती, चाळीसेक माणसं होती. आरती झाल्यावर मी मोठ्याने म्हटलं, "सगळ्यांनी ऐका. या ट्रॅक्टरचं इंजिन हनुमंतरावाने बिघडवलं नव्हतं. तेल होतं. आत चिंधी गेली होती, ती मी कोंबली होती. चूक माझी."

पोरवयाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकाने विचारलं, "कुठलं इंजिन, पाट्टी? हे तर चालतंय." चौघे हसले. त्या दिवशी बांधावर उभे असलेल्यांपैकी बरेच आता नव्हतेच. श्रीनिवासराव होते. ते म्हणाले, "एवढंच ना, अक्का? आम्हाला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं. हनुमंता तसला नव्हे."

"मग त्याला किल्ली का दिली नाहीत? तुमच्याकडे दोन ट्रॅक्टर होते."

"तुमच्या तोंडाला कोण लागणार?" ते प्रसादाचा सुंडल, हरभऱ्याची उसळ, खात म्हणाले. रागाने नाही. पाऊस पडला म्हणून छत्री उघडली, तसं.

मी हनुमंतापुढे किल्ली धरली. त्याने ती घेतली नाही. "हात थरथरतात, वैनी. सहा वर्षं झाली, सायकलही सोडली."

"नुसता बस वर."

"नुसता बसून काय करू?"

"चला," जयलक्ष्मी त्याला म्हणाली. दोघं फाटकातून बाहेर पडली.

कृष्णस्वामीने विचारलं, "अम्मा, काढू?"

"काढ."

ट्रॅक्टर पुढे सरकला. चाकाखालची लिंबं फुटली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.