दामाजीची चिमणी

दामाजीची चार बोटं पॉवर प्रेसखाली गेली ती एका चिमणीपायी, हे ठाकुर्लीच्या त्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. प्रेसच्या वर छताच्या पत्र्यात चिमणीनं घरटं केलेलं. पिल्लू घसरलं ते नेमकं डायवर, खालच्या साच्यावर पडलं. वरून घाव येणार तेवढ्यात दामाजीनं उजवा हात घातला. पिल्लू उडालं, बोटं गेली, अंगठा तेवढा उरला. पहिल्या महिन्यात ते पिल्लूच होतं. दिवाळीपर्यंत त्याची गुबगुबीत चिमणी झाली, आणि शिमग्यापर्यंत ती रोज सकाळी दामाजीच्या खिडकीशी येऊन मान तुकवून जाऊ लागली. तळमजल्यावरच्या कमळाबाई तिच्यासाठी कठड्यावर तांदळाचे दाणे ठेवायच्या.

दामाजी खाडीकाठचा कोळी. तीन पिढ्या जाळी विणलेली. खाडीत मासळी उरली नाही म्हणून डोंबिवलीच्या एमआयडीसीत शिरलेला. गोष्ट सांगावी तर त्यानंच. हात मात्र तो कुणाला दाखवत नसे. हातावर मोजा, आणि मोजा खिशात. आवडाबाईला, खुद्द बायकोला, घरी आल्यापासून त्यानं तो उघडा बघू दिला नव्हता.

ठाण्याच्या ज्या इस्पितळात त्याचा हात शिवला तिथल्या मालनताई अपघातातून उठलेल्या माणसांशी बोलायचं काम करत. अंगाची जखम डॉक्टर शिवतो, मनाची बोलून बोलून भरते, असं त्यांचं म्हणणं. ठाण्याला खेटे घालणं दामाजीला जमेना, तेव्हा दर गुरुवारी चारला मीच फोन करीन म्हणाल्या, नंबर द्या. दामाजीच्या घरी कुठला फोन? सगळी चाळ देई तोच त्यानंही दिला, खालच्या कमळाबाईंचा, पुढे 'पी.पी.' लिहून.

तिथंच फसगत झाली. कमळाबाईंच्या फोनवर बोलायचं म्हणजे चावडीवर बोलायचं. ठाण्याहून बाई फोन करते म्हणजे दामाजीच्या डोक्यावर परिणाम झालाय की काय, हे कळायला नको? गुरुवारी चारच्या ठोक्याला बायका भाजी निवडायला तिथंच बसू लागल्या. एवढे ऐकणारे समोर असताना दामाजी खरं कशाला बोलतोय? झोप म्हणाल तर कुंभकर्ण लाजेल. भूक अशी की आवडाबाईचे हात भाकऱ्या थापून झिजले. डाव्या हाताची सही तर उजव्याहून देखणी यायला लागली होती.

पण मालनताईंना मागून बांगड्या ऐकू येत. सहाव्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "दामाजीभाऊ, तिथं माणसं बसलीयत ना? मी विचारते, तुम्ही नुसतं हो-नाही म्हणा."

मग काय, नाही. हो. हो. नाही. चाळीला कंटाळा आला. दोन गुरुवारांत बायका भाजी घेऊन आपापल्या घरी गेल्या. कमळाबाई आणि आवडाबाई तेवढ्या राहिल्या.

त्याच आठवड्यात दामाजीचा मुलगा कान्हा बापाच्या जागी कारखान्यात लागला, त्याच प्रेसवर. गुरुवारी मालनताईंनी विचारलं, झोप लागते? नाही. नसलेली बोटं ठणकतात? हो. मुलगा कामाला गेल्यापासून जास्त? हो. त्याच्या हाताची भीती वाटते?

"हो."

"दामाजीभाऊ, तुम्ही सांगता ती चिमणी खरंच होती का?"

दामाजीनं कमळाबाईंकडे पाहिलं. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"नाही," तो म्हणाला. मग कुणी न विचारताच म्हणाला, "बटण मीच बांधलेलं."

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच घाव पडतो, म्हणजे हात आत राहायचा सवालच नाही. पण सायकलच्या ट्यूबनं एक बटण दाबून बांधलं की एक हात मोकळा राहतो, पत्रा भराभर सरकतो, दिवसाचे नग भरतात. ती ट्यूब दामाजीनं आपल्या हातानं बांधली होती, जाळ्याची गाठ मारून. पत्रा सरकवणारा हात आत होता तेव्हाच दुसरा बटणावर पडला.

हे मला सांगून झालं, आता कान्हाला सांगा, एवढंच मालनताई म्हणाल्या. आवडाबाईनं त्याच्या हातातून रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला.

संध्याकाळी कान्हा हात धूत होता तेव्हा दामाजीनं सांगितलं. कान्हा साबण लावत राहिला.

"गाठ मी पहिल्याच दिवशी ओळखली, बाबा."

"सोडलीस?"

"नाही."

"का रे?"

"सोडली असती तर का ते सांगावं लागलं असतं. सगळ्यांना कळलं असतं, चिमणी नव्हती."

सकाळी बापलेक बरोबर निघाले. कमळाबाई कठड्यावर दाणे ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण दाणे ठेवले.

वॉचमन ओळखीचा, त्यानं भोंग्याआधी आत सोडलं. प्रेसवर ट्यूब होती, तेलानं फुगलेली. दामाजीनं डाव्या हातानं गाठ ओढली, मग दातांनी. सुटेना. शेवटी त्यानं खिशातून उजवा हात काढला आणि दातांनी मोजा ओढून टाकला. कान्हानं तो हात पहिल्यांदा पाहिला. दामाजीनं उरलेला अंगठा गाठीत रुतवला, कान्हानं टोक ओढलं, आणि ट्यूब सुटली.

दामाजीनं रांगेकडे पाहिलं. शेडमध्ये चौदा प्रेस. गाठ मारावी तर दामाजीनंच, असं जो तो म्हणायचा. एका गाठीला एक कटिंग चहा घेऊन त्यानं सगळ्यांची बटणं बांधून दिली होती. चौदा मशिनं, तीच गाठ.

"दहा मिनिटं आहेत बाबा," कान्हा म्हणाला.

दुसरी सुटली. तिसऱ्यावर गोपीनाथ येऊन उभा होता, वीस वर्षं बरोबर काम केलेला जोडीदार. त्यानं बांधलेल्या बटणावर पंजा ठेवला.

"राहू दे, दामाजी. तू सुटलास. आम्हाला नग भरायचेत."

दामाजीनं उघडा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. गोपीनाथनं मान फिरवली. पंजा मात्र बटणावरून काढला नाही. तेवढ्यात भोंगा झाला, आणि वॉचमन दामाजीला बाहेर न्यायला आला.